गमबूटचं टेंडर, नमुना घेऊन गेलो तर भांडारला कुलूप, आता टेक्निकलला बाद. काही करता येतं का?

गणपतीपेठकर

नमस्कार मंडळी. सांगलीत गणपती पेठेत आमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गमबूट, ताडपत्री, रेनकोट, हातमोजे, दोरखंड असला सगळा माल. आजवर साखर कारखान्यांना आणि कुपवाड एमआयडीसीत माल दिला, सरकारी कामाच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. यंदा मेव्हण्याच्या नादानं एका पालिकेचं टेंडर भरलं. पालिकेचं नाव इथं घेत नाही, पुढं धंदा करायचाय.

माल म्हणजे सफाई कामगारांसाठी ३८० सेट. एका सेटमध्ये एक जोड गमबूट, एक रेनकोट, रबरी हातमोजे आणि रेडियम पट्टीचं जाकीट. अंदाजपत्रकी दर सेटला ३,००० म्हणजे एकूण ११ लाख ४० हजार. डीएससी म्हणजे डिजिटल सही काढली, महाटेंडर्स या सरकारी ई-टेंडर पोर्टलवर नोंदणी केली, बयाणा म्हणून ११,४०० भरले. मी दर लावला २,३१०. यात मला नफा सुटतो बरं का, पदरचं घालून नाही लावला.

अट अशी होती की नमुना प्रत्यक्ष भांडार विभागात अमुक तारखेला दुपारी ३ च्या आत जमा करायचा. मी पावणेदोनला बूट, रेनकोट सगळं पिशवीत घालून हजर. भांडारला कुलूप. शिपाई म्हणाला साहेब जेवायला गेलेत. अडीचला म्हणाला साहेब साईटवर गेलेत. तीन वाजून दहा मिनिटांनी साहेब आले आणि म्हणाले वेळ संपली की ओ. मी म्हटलं आवक विभागात तरी घ्या, तर आवकवाला म्हणतो आम्ही कागद घेतो, बूट नाही घेत. पिशवी घेऊन माघारी आलो.

आता पोर्टलवर माझ्या नावापुढं टेक्निकली रिजेक्टेड, कारण नमुना सादर नाही. माझं दराचं पाकीट उघडलंच नाही. उरलेल्या तिघांचं सोमवारी उघडलं, दर बघा: २,९८५, २,९९४, २,९९८. कार्यादेश अजून निघालेला नाही, एवढं एका ओळखीच्याकडून कळलं.

तर प्रश्न असा की हे असंच चालतं का, आणि आता काही करता येतं का का गप बसायचं? आणि एक, मला तिथंच कळायला हवं होतं अशी कुठली गोष्ट माझ्याकडून सुटली?

कुपवाडचा_पाव्हणा

२,९८५, २,९९४, २,९९८. आवं हे दर नव्हं, हे एकाच घरातल्या तीन भावांच्या जन्मतारखा आहेत.

भावा, याला आमच्यात सपोर्ट भरणं म्हणतात. काम एकाचं, उरलेले दोघं सोबतीला. पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी निविदा आल्या तर मुदतवाढ द्यायची नाहीतर फेरनिविदा काढायची, म्हणून तीन पाकिटं घरातूनच तयार ठेवतात. तू चौथा आलास ती अडचण झाली. तू बाद झालास तरी त्यांचे बरोब्बर तीन उरले, बघ.

गप बस म्हणत नाही, पण पहिल्याच टेंडरला भांडलास तर पुढच्या टेंडरला तुझ्या सगळ्या कागदांना चष्मा लावतील हे पण धरून चाल.

निवृत्त_भांडारपाल

गणपतीपेठकर, मी एका नगरपालिकेत भांडारात २३ वर्षं काढली. तुमचं वाचून वाईट वाटलं आणि थोडं हसू पण आलं, कारण साहेब जेवायला, साहेब साईटवर हे मीच शिपायाला सांगून ठेवायचो. नेहमी कुणाला बाद करायला म्हणून नाही, पण कधी कधी त्यासाठी पण, खोटं कशाला बोलू.

तुम्ही विचारलंय काय सुटलं. तुम्ही टेंडर निघाल्यावर आत शिरलात. टेंडर निघतं ना, तोवर निम्मं काम झालेलं असतं. नीट सांगतो.

आरोग्य विभाग मागणी करतो, एवढे बूट एवढे रेनकोट. मग तरतूद बघायची, कुठल्या लेखाशीर्षात पैसे आहेत. मग अंदाजपत्रक करायचं, त्याला दर लागतो. आता गमबूटचा दर कुठून आणायचा? बांधकामाला डीएसआर असते, छापील दर असतात, वाळू सिमेंट सगळ्याचे. बुटाला डीएसआर नाही. मग बाजारातून तीन कोटेशनं मागवायची आणि त्यावरनं दर धरायचा. ही कोटेशनं कोण आणून देतो? जो माल देणारच आहे तो. एकदा माझ्या टेबलावर तीन वेगवेगळ्या फर्मची कोटेशनं आली, तीन वेगवेगळे लेटरहेड, आणि तिन्हीत रेनकोट ऐवजी रेनकोत टाईप केलेलं. एकाच झेरॉक्सवाल्यानं काढलेली. मी ती फाईलला लावली. सही पण केली. त्यावरनं अंदाजपत्रक झालं, प्रशासकीय मान्यता झाली आणि मग टेंडरमध्ये त्याच माणसाचा दर आला अंदाजपत्रकापेक्षा अर्धा टक्का खाली. ऑडिटला सगळं ओके. दर अंदाजपत्रकाच्या आत आहे, तीन निविदा आहेत, अजून काय पाहिजे.

म्हणून तुमचे ३,००० बघून मला आधी शंका आली ती तिथं. बाजारात सेट २,३०० ला मिळतोय तर अंदाजपत्रक ३,००० चं कुणाच्या कोटेशनवर झालं? ते कागद मागा.

दुसरी बाजू पण ऐका, नाहीतर म्हणाल म्हातारा कर्मचाऱ्यांनाच चोर म्हणतोय. भांडारपालाचा पगार किती आणि भीती किती. स्थानिक निधीचं ऑडिट येतं, बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या फाईलवर मुद्दा काढतं, वसूलपात्र रक्कम म्हणून नाव लागतं आणि पेन्शन अडकते. त्यामुळं वेळ ३ ची म्हणजे ३ चीच, ३ वाजून ५ मिनिटांनी नमुना घेतला तर दुसरा पार्टीवाला तक्रार करणार. नियम कडक पाळणं यात चूक नाही. चूक ही की ३ वाजेपर्यंत तिथं घ्यायला माणूस नव्हता. तुमचा मुद्दा एवढाच ठेवा, दराचं भ्रष्टाचाराचं काही बोलू नका पहिल्या अर्जात.

हळदीचा_वास

मला टेंडरमधलं काही कळत नाही पण बुटाचं कळतं. माझी आई सफाईला होती, कुठल्या शहरात ते सोडा. एका वर्षी गमबूट आले ते सगळे ९ नंबर. सगळे. बायकांच्या पायात ९ नंबर. आई आत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबून घालायची आणि गटारीत पाय टाकला की बूट चिखलातच राहायचा, पाय मोकळा वर. मग बूट दारात कुंडीसारखे पडून असायचे, त्यात माझ्या भावानं पुदिना लावला होता.

तुमच्या टेंडरमध्ये साईजचा तक्ता होता का हो?

गणपतीपेठकर

@हळदीचा_वास ताई, तुमचं वाचलं आणि परत टेंडर उघडून बघितलं. साईजचा तक्ता नाही. लिहिलंय “आवश्यकतेनुसार”. पण बुटाची उंची मात्र साडेचौदा इंच, तळ ऑलिव्ह हिरवा, आणि आत अमुक छटेचं अस्तर, एवढं बारीक लिहिलंय. आयएस १२२५४ चा मार्क मागितलाय ते बरोबरच आहे, पीव्हीसी बुटाला तोच लागतो. पण हिरव्या तळाचं काय काम आहे मला कळलं नाही. मी काळ्या तळाचा नेला असता तर परत बाद.

@निवृत्त_भांडारपाल काका, आवकला अर्ज दिला तर घेतील का?

कोर्टाजवळचा

वकील नाही, वकिलाकडं कामाला आहे, त्यामुळं सल्ला फुकटचा समजा.

ऑलिव्ह हिरवा तळ हाच तुझ्या प्रश्नाचा गाभा आहे. नमुना, कुलूप, जेवण हे सगळं शेवटचं. बाकी कुणाला शिरूच द्यायचं नाही असं ठरलं की स्पेसिफिकेशन असं लिहितात की एकाच कंपनीचा माल बसेल, कंपनीचं नाव मात्र लिहायचं नाही. बांधकामात हेच प्लांट स्वतःचा पाहिजे आणि तो अमुक किलोमीटरच्या आत पाहिजे म्हणून करतात. याला हरकत घ्यायची वेळ निविदा भरायच्या आधी असते. प्रीबिड बैठक असेल तर तिथं, नसेल तर लेखी पत्र देऊन की साडेचौदा इंच कशाला, किमान १४ चालेल का, तळाचा रंग कशाला. उत्तर दिलं तर शुद्धिपत्रक निघतं आणि सगळ्यांना लागू होतं, नाही दिलं तर तुझ्याकडं पोच राहते. अट मान्य करून टेंडर भरलं आणि हरल्यावर अट चुकीची म्हटलं की कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारतं, मग भरलं कशाला. सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून कोर्टाची लाईन ठरलेली आहे, निर्णय कसा घेतला ते बघणार, निर्णय बरोबर का चूक ते नाही. पण तुझ्या केसमध्ये कसा घेतला यालाच भोक आहे, कारण वेळेत हजर माणसाचा नमुना घ्यायला कुणी नव्हतं.

आणि आपल्याकडं दुखणं असं की महाराष्ट्रात सरकारी खरेदीचा वेगळा कायदाच नाही. डिसेंबर २०१६ चं खरेदी धोरण आहे, ते जीआर आहे. ई-टेंडरची मर्यादा त्यात ३ लाख होती, पुढं १० लाख केली. तेवढ्यासाठी खरेदीचे तुकडे पाडायचे नाहीत असंही आहे, तरी ९ लाख ९० हजारांची किती कामं निघतात ते मोजा कधीतरी. म्हैसाळच्या पुढं गेलं की कर्नाटक, तिथं १९९९ चा कायदा आहे पारदर्शकतेचा, त्यात कलम १६ खाली अपील करता येतं. तमिळनाडूत १९९८ चा आहे. आपल्याकडं अर्ज करायचा साहेबाकडं आणि अपील पण त्याच्याच वरच्या साहेबाकडं.

कुपवाडचा_पाव्हणा

@कोर्टाजवळचा राव कर्नाटकात काय सगळे हरिश्चंद्र बसलेत व्हय. माझा साडू अथणीला ठेकेदार आहे, त्याला विचारा.

आणि दुसरं. सगळे इथं कमी दर कमी दर करताय. एल-वनच्या, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याच्या नादानं काय होतं ते मी बघितलंय, रस्त्याच्या कामाला अंदाजपत्रकापेक्षा ३० टक्के बिलो जाणारे आहेत, मग डांबर कुठनं आणणार ते? जितकं बिलो तितकी जादा सुरक्षा ठेव घ्यायची असा नियम त्याचसाठी केलाय, तरी जातात. २,३१० चा बूट पावसाळा काढेल याची गॅरंटी काय?

गणपतीपेठकर

@कुपवाडचा_पाव्हणा दादा, तोच बूट मी कारखान्याच्या बॉयलरवाल्यांना देतो, दोन गळीत हंगाम काढतात. मार्क आहे, बिल आहे, कंपनीचं पत्र आहे. मला स्वस्त म्हणून नको, पण माझा बूट वाकवून तरी बघायचा की नाही कुणी? त्याचसाठी तर नमुना होता.

निवृत्त_भांडारपाल

आवकवाल्यानं बूट घेतला नाही हे त्याचं बरोबर होतं. पण तुम्ही त्याच वेळी एक पानाचा अर्ज द्यायला हवा होता, नमुना घेऊन अमुक वाजता हजर आहे, भांडार बंद आहे, म्हणून. त्याला आवक नंबर पडला असता, तारीख वेळ पडली असती आणि मग तुम्हाला बाद करायला साहेबाचा हात थरथरला असता. सरकारी कचेरीत माणूस आलेला दिसत नाही, कागद आलेला दिसतो.

आता पण द्या. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, दोन प्रती, एकीवर शिक्का घ्या. गेटवर व्हिजिटर रजिस्टर आहे का? त्यात सही केली होती का? कॅमेरा असेल तर त्या वेळेचं फुटेज जपून ठेवा अशी विनंती त्याच अर्जात टाका, फुटेज फार दिवस राहत नाही. मागणी एकच करा: कार्यादेश द्यायच्या आधी माझा नमुना तपासावा आणि दराचं पाकीट उघडावं.

कोर्टाजवळचा

काकांचं बरोबर. आणि सोबत माहिती अधिकारात वेगळा अर्ज टाक, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मागायचं एवढंच: अंदाजपत्रकाला जोडलेली तिन्ही कोटेशनं, तांत्रिक छाननीचा तक्ता, दरांचा तुलनात्मक तक्ता, आणि उरलेल्या तिघांचे नमुने कधी जमा झाले त्या नोंदीची प्रत. शेवटचं महत्त्वाचं. तू पावणेदोन ते तीन तिथंच बसला होतास आणि कुलूप होतं, मग त्यांचे नमुने जमा झाले कधी?

अजून एक बघ. तिघांनी बयाणा भरलाय का लघुउद्योगाच्या उद्यम प्रमाणपत्रावर माफी घेतलीय? नुसत्या व्यापाऱ्याला जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, टेंडरच्या सवलती उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना. खूप जण ट्रेडिंगच्या कोडवर माफी घेतात आणि छाननीत कुणी प्रमाणपत्राचं दुसरं पान उलटत नाही.

संगनमताचं म्हणशील तर ते सिद्ध होत नाही असं नाही. २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रियेच्या टेंडरांत संगनमत केलं म्हणून स्पर्धा आयोगानं कंपन्यांना दंड लावला, वेगवेगळ्या कंपन्यांच्या निविदा एकाच आयपी ॲड्रेसवरनं भरलेल्या निघाल्या. माणूस लेटरहेड तीन छापतो पण कॉम्प्युटर एकच वापरतो. काकांचं रेनकोत तेच.

कृष्णाकाठ

मी जरा वेगळं बोलतो. सगळी बिनटेंडर खरेदी म्हणजे चोरी असं धरू नका. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमच्या घरात माळ्यापर्यंत होतं. ओसरल्यावर जो चिखल आणि वास होता, तेव्हा ब्लीचिंग पावडर, जंतुनाशक, टँकर हे टेंडर काढून सात दिवस थांबून आणणार होते का? महापालिका कायद्यात कलम ६७(३)(क) आहे, अचानक प्रसंग आला तर आयुक्त लगेच खर्च करतो आणि नंतर स्थायी समितीला कळवतो. नगरपालिकेत अध्यक्षांना ५८(२) चा अधिकार तसाच. चांगली सोय आहे. फक्त पाऊस दरवर्षी जूनमध्ये येतो हे माहीत असताना जुलैत अचानक रेनकोटची गरज निर्माण झाली असं दाखवतात तेव्हा हसायला येतं.

मोठी रक्कम आधी स्थायी समितीत जायची, तिथं नगरसेवक ओरडायचे तरी, मतलबानं का असेना पण फाईल उघडायची. सांगलीत २०१८ ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ ला संपली आणि प्रशासक आले, तेव्हापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मांडणारा पण तोच आणि मंजूर करणारा पण तोच होता. ते बरं का हे बरं, माझं काय मत ठरलेलं नाही.

बायपासवाला

सातारचा आहे, मी पण दोन वर्षं टेंडर भरतोय, झाडू फिनेल वगैरे. वरच्या मोठ्या गोष्टी राहू दे, नवीन माणूस पडतो ते बारीक ठिकाणी. बीओक्यूची, म्हणजे दर भरायच्या तक्त्याची एक्सेल फाईल डाउनलोड करून तिचं नाव बदललंस की गेली, नाव आहे तसंच ठेवायचं. दर जीएसटीसकट का सोडून ते दोनदा वाचायचं. आणि सगळं अपलोड करून शेवटी फ्रीज बिडचं बटण दाबलं नाही तर बिड गेलेलीच नसते, मी पहिल्या वेळी पोच न बघता जेवायला गेलो, हसत हसत. शेवटच्या तासाला डिजिटल सहीचं डोंगल चालत नाही हे तर लिहूनच ठेव.

आणि बिलाचं विचारलं नाहीस अजून. ते काम मिळाल्यावर विचार, वेगळा धागा काढ.

गणपतीपेठकर

अपडेट देतो. काल सकाळी साडेदहाला गेलो. अर्ज काकांनी सांगितला तसा, एक पान, दर किंवा भ्रष्टाचार एक शब्द नाही. आवकवाल्यानं वाचला, परत वाचला, मग आत जाऊन आला आणि म्हणाला साहेबांना भेटा. मी म्हटलं भेटतो, आधी शिक्का द्या. दिला. नंबर पडला.

मग साहेबांना भेटलो. चहा पाजला. म्हणाले पुढच्या वेळी बघू, तुम्ही नवीन आहात, ताडपत्रीचं एक निघणार आहे. मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. निघताना त्यांनी विचारलं तो अर्ज मागं घेता का. तेव्हा कळलं की अर्ज लागलाय कुठंतरी.

व्हिजिटर रजिस्टरमध्ये माझी सही आहे, वेळ १.४०, शिपायाच्याच अक्षरात. फोटो काढलाय. आणि माहिती अधिकाराचा अर्ज खालच्या मजल्यावर टाकला. तिघांचे नमुने कधी आले ते त्यात आहे, @कोर्टाजवळचा.

@हळदीचा_वास ताई, अर्जात शेवटी एक ओळ मी माझ्या मनानं घातली, काकांना न विचारता. साईजचा तक्ता कामगारांचे पाय मोजून करावा आणि महिला कामगारांसाठी ५ ते ७ नंबर वेगळे घ्यावेत, माल कुणाचाही असो. आवकवाला ती ओळ वाचताना थांबला होता, त्याची बायको पण सफाईला आहे म्हणे.

पिशवी अजून गाडीच्या डिकीतच आहे. बोलावलं तर लगेच नेता यावी म्हणून.

निवृत्त_भांडारपाल

अर्ज मागं घेऊ नका. आणि डिकीत ठेवू नका, उन्हानं पीव्हीसी वाकतं, मग नमुना तपासताना तेच कारण सांगतील.